बहिरूनं न फाडलेलं तिकीट

इगतपुरी सोडून गाडी नाशिकरोडकडे निघाली की मध्ये कुठंतरी डाव्या हाताला एक उंबराचं झाड, त्याखाली सिमेंटचं बाकडं आणि छप्पर उडालेली एक खोली दिसते. दिसते म्हणजे काय, बघेबघेपर्यंत मागे पडते. खिडकीतल्या माणसाला वाटतं, असेल कुणाची तरी शेतावरची खोपी. ती खोपी नाही. तिथं उंबरदरा हॉल्ट होता. सकाळी मनमाडकडे जाणारी आणि संध्याकाळी इगतपुरीकडे जाणारी, अशा दोन पॅसेंजर तिथं अगदी नेमानं थांबत. आणि त्या थांबल्या की खोलीच्या दारात एक उंच, हडकुळा माणूस हिरवं फडकं घेऊन उभा राही. त्याचं नाव बहिरू.

स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मास्तर, फोन, घंटा असं काहीबाही येतं. हॉल्टला यातलं काही नसतं. रेल्वे गावातल्याच एखाद्या चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाला तिकिटं विकायचं काम देते, जेवढी विकेल त्यावर त्याला थोडं कमिशन, बाकी पगार नाही की गणवेश नाही. आधीचा एजंट घोटीचा होता. त्याला हे रान मानवलं नाही. मग पंचक्रोशीत अक्षरओळख असलेला आणि दारू न पिणारा माणूस शोधायची वेळ आली, तेव्हा बहिरू सापडला. दोन्ही अटींत बसणारा दुसरा कोणी नव्हताच.

बहिरूनं हे काम फार मनावर घेतलं. वाडीतलं घर सोडून तो टेकडीच्या अलीकडे, रुळांना लागून कुडाचं घर बांधून राहिला. बायकोच्या, म्हणजे चिमणाबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून त्यानं झेंडी केली. या झेंडीचा गाडीशी काडीचाही संबंध नव्हता. गाडी सोडायची ती मागच्या डब्यातल्या गार्डानं. पण बहिरू फडकं हलवायचा, गार्ड हसून आपली हिरवी झेंडी दाखवायचा, आणि बहिरूला वाटायचं, गाडी आपणच सोडली. एवढं समाधान कुणाला मिळत असेल तर मिळू द्यावं.

भानगड झाली ती तिकिटांची. आणि ती पहिल्याच दिवशी झाली.

पहिल्या दिवशी खिडकीशी पहिला आला तो त्याचा सासरा, पलीकडच्या वाडीचा लहानू. त्याला देवळालीच्या बाजारात करवंदं विकायला जायचं होतं. पाटी डोक्यावर, हात कनवटीला. बहिरूला घाम फुटला. ज्या माणसानं आपली लेक दिली त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे? "राहू द्या मामा," तो म्हणाला. लहानूनं "नाय नाय" केलं आणि बसला गाडीत. त्याच्या मागं उभा होता बहिरूचा चुलतभाऊ. सासऱ्याला सोडलं आणि रक्ताच्या भावाला पकडलं, हे बरं दिसलं नसतं. त्याच्या मागं मामेबहीण, ती तर माहेरवाशीण. माहेरवाशिणीला ओटी भरून पाठवायचं, की तिच्याकडून पैसे मागायचे? असं करता करता पॅसेंजर निघून गेली आणि बहिरूच्या हातात तिकिटांचा गठ्ठा होता तसाच राहिला.

तिथून जी वहिवाट पडली ती पडलीच. त्या चार-पाच वाड्यांत बहिरूच्या नात्यात नाही असा माणूस शोधायचा तर परगावाहून आणावा लागला असता. तशी माणसं होतीच दोन-तीन, शाळेचे गुरुजी, नर्सबाई आणि कधीमधी येणारा तलाठी. बिचारे तेवढे तिकीट काढत. बाकी सगळा मुलूख जावयाच्या गाडीनं हिंडत होता. नाशिकरोडला तपासणी असेल तर लोक मालधक्क्याच्या बाजूनं उतरत, आणि तपासणी नसेल तर राजासारखे दरवाज्यातून बाहेर पडत.

बहिरूचं कमिशन बुडायचं, पण त्याची त्याला खंत नव्हती. भाताची आवणी, म्हणजे लावणी, आली की न बोलावता त्याच्या खाचरात पंधरा-वीस माणसं वाकलेली असत. कुणी नागलीचं पीठ आणून टाके, कुणी घराला नवं छप्पर घालून जाई. रेल्वेचं आणि आपलं यात काही वाईट चाललंय, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गाडी एवढी मोठी, तिच्यात चार माणसं बसली म्हणून तिचं काय झिजतंय!

त्र्याण्णव साली बहिरूनं आपली लेक उज्वला लासलगावच्या बाजूला दिली. कांदे काढायला वाडीची माणसं त्या भागात जात, त्यातून ओळख निघाली, स्थळ चांगलं होतं. चिमणाबाईचं मात्र मन होईना. "लय लांब हाय वो," ती म्हणाली. "पोर डोळ्यांना दिसायची नाय."

"आगं, लांब कशाची?" बहिरू म्हणाला. "गाडी तिच्या गावाजवळ थांबती आन आपल्या दारात थांबती. दुपारी तिकडं बसली की संध्याकाळी तुझ्या चुलीपाशी. वाडीत दिली आसती तरी टेकडी चढून यावं लागलं आसतं."

या एका बोलावर चिमणाबाई तयार झाली. आणि पहिली दोन-तीन वर्षं बहिरूचं बोलणं खरंही ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या तेव्हा उंबरदऱ्याला उतरायला गर्दी व्हायची. उंबराला झोके बांधलेले असायचे. उज्वला डब्याच्या दारातूनच "बा!" म्हणून ओरडायची, आणि बहिरू फडकं हलवायचं विसरून जायचा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात रेल्वेचा एक साहेब आला. सडकेपर्यंत जीपनं आणि तिथून पायी, घाम पुसत. माणूस वाईट नव्हता. त्यानं उंबराखाली बसून पाणी मागितलं, वाडीच्या लोकांना बोलवा म्हणाला, आणि लोक जमल्यावर सरळ सांगितलं, "इथं तिकिटं विकलीच जात नाहीत. गाडी थांबवायची तर माणसं पाहिजेत. तुम्ही सांगा, इथून कोण कोण जातं?"

आता गंमत बघा. समोर बसलेला एकूण एक माणूस त्या गाडीनं जाणारा होता. नुसतं "आम्ही सगळे जातो" एवढं म्हणायचा अवकाश होता. पण मग साहेबाचा पुढचा प्रश्न काय येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तुम्ही जाता, मग तिकिटं कुठं आहेत? आणि मग बहिरूच्या हातात बेड्या. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, की कुजबूज केली नाही. सगळ्यांत आधी म्हातारा लहानू उठला.

"साहेब, इथून कोन नाय जात," तो म्हणाला. "आम्ही आपलं पायीच जातो."

"कोणीच नाही?"

"नाय. आम्हाला गाडी सोसत नाय. डोकं फिरतं."

त्याच्या मागून बाकीचे बोलले. कुणी म्हणालं, आम्हाला जायचं असतंच कुठं. कुणी म्हणालं, आम्ही सडकेनं जातो. एका बाईची पिशवी भरलेली होती, संध्याकाळच्या गाडीनं ती घोटीला लेकीकडं निघाली होती. तिनं पिशवी हळूच पायानं बाकड्याखाली सारली आणि मान हलवली. जो तो बहिरूला वाचवत होता. आणि बहिरू दारात उभा राहून ऐकत होता.

त्यानं बोलायला हवं होतं. हे त्यालाही त्या क्षणी कळत होतं. साहेब, ही माणसं खोटं बोलत आहेत, सगळे जातात, चूक माझी आहे, एजंट बदला पण गाडी थांबवा. एवढं म्हटलं असतं तर कदाचित दंड झाला असता, कदाचित तुरुंग, पण हॉल्ट राहिला असता. चिमणाबाई घरातून त्याच्याकडं एकटक बघत होती. लेकीला लासलगावला देताना काय बोलला होतात, हेच तिचे डोळे विचारत होते. पण बहिरूला पोलीस दिसला, मुलाची, संतोषची, आयटीआय दिसली, आणि तो हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला.

साहेब तरीही उठला नाही. संध्याकाळची गाडी आपल्या डोळ्यांनी बघून जाऊ म्हणाला. तेवढ्यावरही निभावलं असतं, कारण त्या गाडीत दिवसभर नाशिक, देवळाली करून परतणारी निम्मी वाडी असायची. गाडी आली, थांबली. दारांत माणसं उतरायच्या तयारीत होती. त्यांना दिसलं काय, तर पँट घातलेला साहेब, बहिरूच्या खांद्याला खांदा लावून उभा. झालं! तपासणी लागली म्हणून सगळी दारांतून मागं सरली. उंबरदऱ्याला एक माणूस उतरला नाही. पाट्या, पिशव्या घेऊन ती सगळी पुढच्या स्टेशनापर्यंत गेली आणि अंधारात रुळांच्या कडेनं वाट तुडवत परत आली. त्या संध्याकाळी उंबरदऱ्याहून चढलेला प्रवासी एकच, तो म्हणजे साहेब. त्याच्याकडं पास होता.

पावसाळा संपता संपता हॉल्ट बंद झाला. नावाची पाटी काढून नेली, उरलेली तिकिटं जमा करून घेतली. बाकडं काढायला जड होतं म्हणून राहिलं.

पुढची गोष्ट सांगायला फारशी काही नाही, आणि तेच तिचं दुःख आहे. सडकेवर काळ्या-पिवळ्या जीपा सुरू झाल्या. वाड्यांची तोंडं जणू सडकेकडं फिरली. किराणा दुकान तिकडं गेलं, पिठाची गिरणी तिकडं निघाली, नवी घरं तिकडं झाली. टेकडीच्या अलीकडे, रुळांच्या काठी, फक्त बहिरूचं घर उरलं. आवणीला माणसं अजून यायची, पण गाडीसाठी म्हणून रोज जी ये-जा होती, बाकड्यावर बसून ज्या गप्पा होत्या, त्या संपल्या. एका शब्दानं कुणी त्याला दोष दिला नाही. तुझ्यामुळं आम्हाला उन्हातान्हात सडकेपर्यंत तंगडतोड करावी लागते, असं कुणी म्हटलं असतं तर बहिरूला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून ऐकल्या असत्या. पण लोकांना वाटत होतं आपण त्याला वाचवला, आणि वाचवलेल्या माणसाला कोण शिव्या घालतो?

लहानू अंथरुणाला खिळला तेव्हा बहिरू त्याच्याजवळ जाऊन बसला. "मामा, त्या दिशी तुम्ही खरं बोलायला पायजे व्हतं," तो म्हणाला.

"आन तुम्हाला नेलं आसतं तर माझ्या पोरीनं काय करायचं व्हतं, जावई?" लहानूनं विचारलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

उज्वला हॉल्ट बंद झाल्यावरही दोन आखाज्यांना आली. दुपारच्या दुसऱ्या गाडीनं नाशिकच्या बाजूच्या स्टेशनावर उतरायचं आणि भर उन्हात रुळांच्या कडेनं चालत यायचं. दुसऱ्या खेपेला तिच्या कडेवर तान्ही मुलगी, चिंगी, होती. पोरीला ऊन लागलं, ताप चढला, आठ दिवस डोळे उघडले नाहीत. परत गेल्यावर सासूनं सांगून टाकलं, आता माहेर पुरे. सासूचं तरी काय चुकलं? त्यानंतर उज्वला आली ती चिमणाबाई गेली तेव्हा, दहाव्याला, आणि त्याच दिवशी परतली. चिमणाबाईनं शेवटपर्यंत नवऱ्याला ते बोलणं ऐकवलं नाही. गाडी दारात थांबती, असं तुम्ही म्हणाला होतात, एवढंसुद्धा नाही.

संतोषला नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तो बापाला घेऊन गेला. एका खोलीत चार माणसं, खाली रस्ता, वर टीव्ही. बहिरू चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन उभा राहिला.

"तिथं कोन हाय तुझं, बा?" संतोष वैतागून म्हणाला.

"गाडी जाती ना," बहिरू म्हणाला.

संतोषला ते म्हातारचळ वाटलं. पण त्याला आतली गोष्ट ठाऊक नव्हती. उज्वलाच्या नवऱ्याला कल्याणला एका गोदामात काम लागलं होतं, आणि ती आता सासूसकट बिऱ्हाड घेऊन तिकडं राहत होती. सणावाराला ती सासूबरोबर लासलगावला जायची, तीही याच पॅसेंजरनं. किराणावाल्याच्या फोनवर ती आधी निरोप ठेवायची. त्या दिवशी बहिरू दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि हिरवं फडकं घेऊन बाकड्याच्या पुढं उभा राहायचा. गाडी धाडधाड करत यायची. एका खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आलेला असायचा. तेवढाच, कोपरापर्यंत. तोंड बघेपर्यंत डबा पुढं गेलेला असायचा. बाप-लेकीची भेट झाली. मग गार्डाचा डबा यायचा, आणि नवा गार्डसुद्धा त्या म्हाताऱ्याकडं बघून आपली हिरवी झेंडी हलवायचा. मग रूळ पुन्हा मोकळे. बहिरू त्या हाताच्या आधारावर पुढच्या सणापर्यंत दिवस ढकलायचा. एवढ्यासाठी माणूस एकटा राहतो का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तर देता आलं नसतं. पण तो राहत होता.

दोन हजार पाचची आखाजी. निरोप आला होता. बहिरू सकाळपासून तयार होता. गाडीचा आवाज आला, इंजिन वळणावर दिसलं, आणि त्याचा वेग कमी होऊ लागला. पुढं कुठंतरी सिग्नल मिळाला नव्हता. चाकं करकरली, आणि पॅसेंजर उंबरदऱ्याला थांबली. अगदी पूर्वी थांबायची तशी, दोन डबे उंबराच्या पुढं आणि बाकीचे मागं.

नऊ वर्षांनी दारात गाडी उभी होती आणि बहिरूला काय करायचं ते सुचेना. मग मागच्या एका डब्यातून हाक आली, "बा!" तेव्हा तो धावला. उज्वला पायऱ्यांवरून खडीत उतरली होती. वरून तिची सासू ओरडत होती, "अगं, इथं स्टेशन नाही, वर ये, गाडी सुटंल!"

त्यानं लेकीला जवळून पाहिलं. केस कपाळापाशी पांढरे झाले होते. आईसारखी दिसायला लागली होती. किती काय बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरी हाय ना?"

"बरी हाय," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळे गळत होते. "बा, चिंगी आत झोपलीय, न्हाईतर दाखवली आसती." आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं कमरेचा बटवा सोडून तिकीट काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. लहानपणी त्याला चिडवायची तशीच. "हे बघ. उंबरदऱ्याला तिकीट घिऊन आलेली पहिली माहेरवाशीण. घे, बघ तरी."

बहिरूनं तिकीट हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. कल्याण ते लासलगाव, दोन मोठी माणसं आणि एक लहान. इतकी वर्षं खिडकीशी बसून त्यानं आपल्या माणसाचं तिकीट असं कधी हातात धरलं नव्हतं. तो बघतच राहिला.

भोंगा वाजला. सासूनं वरून हात धरून उज्वलाला ओढलं. डबा हलला. "बा, तब्येतीला जप!" ती ओरडली, आणि बहिरूनं मान हलवली. दोन डबे पुढं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तिकीट आपल्याच हातात आहे. लेकीचं, चिंगीचं आणि सासूचंही.

"थांबवा! आरं, थांबवा!" तो गाडीबरोबर पळू लागला. एका हातात तिकीट आणि दुसऱ्या हातात फडकं, ते डोक्यावर गरागरा फिरवत, खडीत ठेचकाळत. शेवटचा डबा आला. गार्ड दारात उभा होता. त्यानं हिरवं फडकं फिरवणारा म्हातारा पाहिला, हसला, आणि आपली हिरवी झेंडी दाखवली. गाडी निघून गेली.

बहिरू थोडा वेळ रुळांत उभा राहिला. मग त्यानं तिकीट टोपीत नीट ठेवलं आणि गाडी गेली त्या दिशेनं चालायला लागला. पुढं कुठंतरी तपासणीस चढेल, सगळ्या डब्यासमोर उज्वलाला उभं करेल, आणि सासू जन्मभर ऐकवेल. दुपारच्या उन्हात तो रुळांच्या कडेनं, उज्वला तान्ही पोर घेऊन आली होती त्याच वाटेनं चालत राहिला. चालता चालता तो वाक्य घोकत होता. साहेब, माझ्या पोरीकडं तिकीट व्हतं, ते मी घेतलं.

पुढच्या स्टेशनाचा मास्तर तरुण होता. समोर धापा टाकणारा म्हातारा पाहून त्यानं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिकीट पाहिलं, आणि फोन उचलून पुढं लासलगावपर्यंत कळवलंसुद्धा. "झालं बाबा," तो म्हणाला. "बाईंना कोणी काही बोलणार नाही. जा घरी आता."

पण बहिरू उठला नाही. एक खरी गोष्ट बोलायला तोंड उघडलं होतं, तिच्या मागून दुसरी आली. ती थांबेना. "साहेब," तो म्हणाला, "आजून एक हाय. उंबरदऱ्याला मानसं चढायची. रोज चढायची, गाडी भरून. लहानूमामा खोटं बोलला, समदी खोटं बोलली, माझ्यासाठनं. तिकिटं मीच फाडली नाय. हॉल्ट बंद करायला नको व्हता, साहेब. गाडी तिथं थांबायला पायजे."

मास्तरानं त्याच्याकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं, जिथं सगळी स्टेशनं ओळीनं लिहिलेली होती, आणि पुन्हा बहिरूकडं.

"कुठला उंबरदरा, बाबा?" त्यानं विचारलं.

बहिरूनं दाराबाहेर हात केला. आला त्या बाजूला लांबवर रूळ उन्हात पडलेले होते, त्यांच्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. तरी त्यानं हात खाली घेतला नाही.